सीमोल्लंघन आणि रक्तदान

आज विजयादशमी. नऊ दिवस देवघरात तेवत असलेला नंदादीप आज शांत होईल, घट उठतील, शेतकरी अवजारांची, कारागीर हत्यारांची आणि विद्यार्थी पाटीपुस्तकांची पूजा करतील, आणि दिवस कलला की माणसे गावाची वेस ओलांडून आपट्याची पाने घेऊन परत येतील. दारी झेंडूचे तोरण असेल. थोरांच्या हाती पान ठेवून पाया पडणारी मुले असतील. परंतु अलीकडे महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आपट्याचे एखादे पान देवापुढे तसेच पडून राहते. ज्याच्या हाती ते द्यावयाचे तो मुलगा किंवा ती मुलगी साता समुद्रांपलीकडे असते. पूर्वी सीमोल्लंघन वर्षातून एकदा आणि तेही सायंकाळपुरते असे. आता पुष्कळांच्या बाबतीत ते आयुष्यभराचे झाले आहे. म्हणूनच आजच्या मंगल दिनी आम्ही एका निराळ्या सीमोल्लंघनाविषयी वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो. परमुलखात जाऊन राहिलेला माणूस तेथील अनोळखी माणसाला आपले रक्त का देतो? आणि देत नसेल, तर का देत नाही?

दसऱ्याच्या सोन्याची कथा आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या असलेला कौत्स रघुराजाच्या दारी आला तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व दिलेल्या त्या राजापाशी अतिथीला अर्घ्य द्यावयास मातीचेच पात्र उरले होते. पुढे कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. या कथेतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. रघु म्हणतो, हे सारे तुझ्यासाठी आले आहे, सारे घेऊन जा. कौत्स म्हणतो, मला चौदा कोटींहून एक मुद्राही अधिक नको. देणारा देण्याचा आग्रह सोडीत नाही आणि घेणारा गरजेपलीकडे घेत नाही. उरलेले सोने शेवटी कोणाचेच न राहता झाडाखाली सर्व लोकांचे होते, असे लोककथा सांगते. कोणाच्या मालकीचे नसलेले आणि ज्याला गरज पडेल त्याचे असलेले हे धन आजच्या काळात कोठे पाहावयाचे असेल, तर ते रक्तपेढीत पाहावे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टर येथे नोकरी करतो. एकदा दूरध्वनीवर बोलताना त्याने सहज सांगितले की आपण आज रक्त देऊन आलो. आईने घाबरून विचारले, "अरे, कोणाला लागलं होतं? तुझ्या ओळखीचं कोणी आजारी आहे का?" मुलगा म्हणाला, "कोणाला लागणार आहे ते मला कुठं माहीत, आई? असंच दिलं." माऊलीला हे 'असंच देणं' काही केल्या कळेना. काही आठवड्यांनी मुलाच्या मोबाईलवर रक्तपेढीचा संदेश आला की तुमचे रक्त अमुक गावच्या रुग्णालयाकडे पाठविण्यात आले आहे. तिकडे दात्याला असे कळविण्याची पद्धत आहे. त्या गावाचे नाव त्या माऊलीला अजून नीट उच्चारता येत नाही. परंतु तेथे कोणी तरी बरे झाले असेल ना, हे ती अधूनमधून विचारते.

तिच्या पहिल्या प्रश्नाला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या रक्त दिले गेले ते बहुधा 'आपल्या' माणसासाठी. रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली, डॉक्टरांनी दोन बाटल्यांची सोय करण्यास सांगितले, की भाऊ, मेहुणा, शेजारी धावत. ज्यांना धावणारे कोणी नसे, ते विकत घेत. रक्त विकून पोट भरणाऱ्यांचा एक धंदाच आपल्या शहरांत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याविरुद्ध निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास देशात बंदी झाली. त्यानंतर स्वेच्छेच्या दात्यांची संख्या पुष्कळ वाढली. तथापि 'बदली रक्तदाता आणा' हे शब्द कानांवरून अद्याप सर्वस्वी गेलेले नाहीत. अशा प्रथेत वाढलेला माणूस परदेशी जातो आणि तेथे त्याला सांगण्यात येते की येथे कोणी कोणासाठी देत नाही, सर्व जण सर्वांसाठी देतात. रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७० साली रक्तदानावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा हाच होता. ज्याचे तोंड कधी दिसणार नाही आणि जो कधी आभार मानणार नाही, अशा परक्याला दिलेली देणगी समाजाला बांधून ठेवते, आणि विकत घेतलेल्या रक्ताहून ती सुरक्षितही असते, असे त्याचे प्रतिपादन होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला दिलेले दान, असा जो निर्देश आहे, त्याची या ठिकाणी आठवण होते. परंतु गीता मुखोद्गत असणे निराळे आणि बाही वर करून खुर्चीत बसणे निराळे.

मग ही बाही वर कशाने होते? परदेशस्थ समाजांचे अनुभव पाहता सर्वांत आधी दिसते ती कृतज्ञता. ज्या देशाने भाकरी दिली, मुलांना शाळा दिली, आजारपणात औषध दिले, त्याचे काही देणे लागतो ही भावना. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यऋण हे चौथे सांगितले आहे. घर सोडून गेलेल्या माणसाला हे चौथे ऋण पहिल्या तिहींपेक्षा अधिक जाणवत असावे. युगांडातून १९७२ साली इदी अमीनने हाकलून दिलेले हजारो भारतीय, बहुतांशी गुजराती, ब्रिटनमध्ये उतरले, तेव्हा याच लेस्टर शहराच्या नगरपालिकेने 'आमच्या गावी येऊ नका' अशी जाहिरात युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. तरीही ते आले, तेथेच राहिले, आणि आज त्याच शहरात दिवाळीचे दीप हजारोंच्या गर्दीत उजळतात. ज्या गावाने नको म्हटले, त्याच गावाचे आपण झालो, हे दाखविण्याची ओढ अशा समाजांत असते. तिच्यात कृतज्ञता किती आणि स्वाभिमान किती, हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढण्याचे प्रयोजनही आम्हांस दिसत नाही.

दुसरी प्रेरणा धर्माची आणि स्मरणाची आहे. कॅनडातील शीख बांधव १९९९ पासून दर नोव्हेंबरात रक्तदान करतात ते १९८४ च्या हत्याकांडातील मृतांच्या स्मरणार्थ. जे रक्त सांडले त्याचे उत्तर रक्त देऊन देण्याची ही रीत मनाला भिडते. ब्रिटनमधील मुसलमानांत २००६ पासून इमाम हुसेन यांच्या नावाने, करबल्याच्या बलिदानाची आठवण म्हणून, रक्तदानाची मोहीम चालते. अमेरिकेतील स्वामिनारायण मंदिरांच्या आवारात शिबिरे भरतात. आणि आपल्या घरचे उदाहरण द्यावयाचे तर २०२० साली करोनाच्या संकटात लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता 'आरोग्योत्सव' केला, त्यात रक्तदान आणि प्लाझ्मादान हीच पूजा मानली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. रक्तपेढीच्या पत्राने जे होत नाही, ते आपल्या देवळातल्या, आपल्या बोलीतल्या माणसाने हात धरून 'चल' म्हटल्याने होते. एकट्याने अनोळखी इमारतीत जाऊन परक्या भाषेतला अर्ज भरताना धीर खचतो. प्रसादाच्या रांगेतून रक्तदानाच्या रांगेत जाणे मात्र सोपे असते. उच्च तत्त्वांची चर्चा करताना ही साधी बाब आपण विसरतो.

परंतु या विषयाची जी बाजू आम्हांस सर्वाधिक विचार करावयास लावते ती याहून वेगळी आहे. देणाऱ्याचे दान नाकारले गेले तर काय होते?

अमेरिकेत एड्सची भीती पसरली त्या वर्षांत हैती या देशातून आलेल्या लोकांवर सरसकट संशय घेण्यात आला. फेब्रुवारी १९९० मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने असे धोरण जाहीर केले की हैतीतून आलेल्या कोणाचेही रक्त घेऊ नये. माणूस निरोगी आहे की नाही, तो कसा राहतो, हा प्रश्नच नाही. जन्मभूमी पुरेशी होती. त्याच वर्षी २० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये हैतीच्या लोकांचा प्रचंड मोर्चा ब्रुकलिनच्या पुलावरून गेला. पन्नास हजारांहून अधिक माणसे त्यात होती, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी लिहिले. कारकून, मोटारचालक, परिचारिका, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असे हे लोक. ते पगारवाढ मागत नव्हते, घरे मागत नव्हते. आमचे रक्त घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते धोरण मागे घेण्यात आले. जगाच्या इतिहासात मोर्चे काही मिळविण्यासाठी निघाले. काही देऊ द्या म्हणून निघालेला असा मोर्चा आम्हांस दुसरा आठवत नाही.

इस्रायलची हकीकत याहून कडू आहे. इथियोपियातील ज्यू हे शतकानुशतके जेरुसलेमची आस धरून राहिलेले लोक. १९८४ आणि १९९१ साली विमानांनी त्यांना इस्रायलमध्ये आणण्यात आले, तेव्हा घरी परतल्याच्या भावनेने ते आले. त्यांतील तरुण सैन्यात गेले आणि इतरांप्रमाणे रक्तही देऊ लागले. जानेवारी १९९६ मध्ये वृत्तपत्रांतून असे उघडकीस आले की त्यांचे रक्त स्वीकारले जाई आणि नंतर गुपचूप फेकून दिले जाई. एड्सच्या विषाणूचे भय हे कारण सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सुमारे दहा हजार इथियोपियन ज्यू पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर जमले, पोलिसांशी त्यांची झटापट झाली, माणसे जखमी झाली. पुढे माजी राष्ट्राध्यक्ष यित्झाक नावोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तोंडावर नकार दिला असता तर कदाचित इतके लागले नसते. घेतले, चहा-बिस्किट दिले, आणि पाठ वळल्यावर टाकले, हे त्या लोकांना असह्य झाले.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुग्णाची सुरक्षितता ही दात्याच्या मानापेक्षा मोठी आहे. ज्याला रक्त चढवावयाचे तो अगतिक असतो. त्याच्या शिरेत रोग जाता कामा नये, यात दुमत नाही. परंतु पिशवीतील रक्ताची तपासणी करणे निराळे आणि साऱ्या जमातीवर शिक्का मारणे निराळे. ब्रिटनमध्ये आफ्रिकेशी संबंध असलेल्या जोडीदाराविषयी दात्याला विचारला जाणारा एक प्रश्न कित्येक कृष्णवर्णीयांना परत पाठवीत असे. इंग्लंडने तो काढून टाकण्याचा निर्णय २०२१ साली जाहीर केला. म्हणजे ज्यांनी रक्त द्यावे म्हणून एका दाराशी विनवण्या चालल्या होत्या, त्यांनाच दुसऱ्या दाराशी अडविले जात होते.

शिबिराजाची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. ससाण्याच्या भयाने शरण आलेल्या कपोतासाठी त्याने आपले मांस तराजूत घातले. आजवर त्या कथेत आपण नेहमी राजाकडे पाहिले. पण समजा, तो कपोतच उद्या म्हणाला, महाराज, तुम्ही मला आसरा दिलात, आता मला काही देऊ द्या, तर? आश्रिताला नुसते आश्रितच ठेवणे हीदेखील एक प्रकारची कृपणता नव्हे काय? हैतीचे आणि इथियोपियाचे लोक रस्त्यावर आले ते नेमके याच प्रश्नासाठी. ज्याचे रक्त आपण घेत नाही, त्याला आपण आपला मानीत नाही, हे सांगावयास त्यांना पुस्तकाची गरज पडली नाही.

आणि जी गरज आहे ती खरी आहे. २२ जून १९४८ रोजी 'विंडरश' नावाचे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो माणसे घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदरात लागले. पुढच्याच महिन्यात, ५ जुलैला, ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली, आणि त्या बेटांवरून आलेल्या कित्येक स्त्रियांनी परिचारिका म्हणून ती सेवा पेलली. त्यांच्या वंशजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्या रुग्णांना वारंवार रक्त लागते आणि ते अगदी जुळणारे असावे लागते, नाही तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. 'आर-ओ' नावाचा एक उपगट त्यांना विशेष उपयोगी पडतो. इंग्लंडच्या नियमित दात्यांत तो शंभरांत सुमारे दोघांत सापडतो, तर कृष्णवर्णीयांत निम्म्याहून अधिकांत. म्हणून तेथील रक्तसेवा त्या समाजाला पुनःपुन्हा आवाहन करते. 'तुमच्यांना तुमचीच गरज आहे' हे आवाहन परिणामकारक ठरते, हे खरे. मात्र ते ऐकताना एखाद्याच्या मनात 'म्हणजे इतरांना आमची गरज नाही काय' असा प्रश्न आल्यावाचून राहत नसेल. हाच आजार आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी वस्त्यांत आहे. लंडनमधील मूल आणि कुरखेड्याचे मूल एकाच वेदनेने रात्र जागवीत असतात, हे आपणांस सहसा आठवत नाही.

भारतीयांच्या बाबतीत अडचणी निराळ्या आहेत. आपल्यांत बी गटाचे प्रमाण मोठे, साधारण तिघांत एक. ब्रिटनच्या दात्यांत तो दहांत एक. म्हणून आपल्या मुलांच्या रक्ताची तेथे किंमत अधिक. पण इच्छा असूनही पुष्कळांना परत यावे लागते. अमेरिकेचा नियम असा की हिवतापाच्या प्रदेशातून नव्याने राहावयास आलेल्याने तीन वर्षे थांबावे, आणि तेथे स्थिरावलेला माणूस गौरी-गणपतीला गावी येऊन गेला तर तीन महिने. दरवर्षी आईवडिलांना भेटावयास येणाऱ्याची त्यात बरीच वर्षाची वर्षे निघून जातात. यात अपमान नाही, काळजी आहे. परंतु दारातून परतलेला माणूस पुन्हा त्या दाराशी जातोच असे नाही. आपल्या स्त्रियांची अडचण रक्तातील लोहाची. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून कित्येक जणी हिरमुसल्या होऊन परततात. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करून दसऱ्याच्या सकाळी उपाशीपोटी शिबिरात जाणाऱ्या भगिनींस तर आमची विनंती आहे की आधी पोटभर जेवावे, पाणी प्यावे आणि मगच जावे. देवी रागावणार नाही.

परदेशाकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित उल्हासनगरच्या छावण्यांत राहिले. त्या समाजात थॅलसेमियाचे दुःख आहे, आणि त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. ती पिशवी भरणारा दाता मराठी असतो, गुजराती असतो, मुसलमान असतो. मुलाच्या आईने त्याची जात विचारल्याचे कोणी ऐकलेले नाही. परंतु आमच्या शहरांत पोटासाठी आलेला हमाल, रिक्षावाला, इमारतीवरचा मजूर यांच्याशी आपण कसे वागलो? १९९८ पूर्वी अशाच गरिबांचे रक्त बाटलीला चार पैसे देऊन आपण घेतले. ज्याच्याकडून विकत घेतले त्याला आपण दाता म्हटले नाही. आज आमच्या उत्सवमंडपांतील शिबिरांत मंडपाचे बांबू बांधणाऱ्या परप्रांतीय कामगाराला 'तूही ये, बस' असे किती कार्यकर्ते म्हणतात? काही मंडळे म्हणतात, हे आम्ही पाहिले आहे. पुष्कळ म्हणत नाहीत, हेही पाहिले आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी मुंबईच्या नावाशी निगडित असूनही मुंबईकरांस फारशी ठाऊक नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे यांनी मुंबईत असे रक्त शोधून काढले की जे नेहमीच्या चाचणीत ओ गटाचे वाटते, पण ओ गटाचे नसते. त्या शोधनिबंधात लंडनच्या रेस आणि सँगर या तज्ज्ञांचाही सहभाग होता. जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर ते प्राणघातक ठरू शकते. त्याला फक्त त्याच्याच गटाचे रक्त चालते. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक. म्हणजे परदेशात अपघात झाला तर त्याच्यासाठी रक्त मिळण्याची आशा बहुधा तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या भारतीयाकडूनच. हा गट आईवडिलांकडून उतरतो, म्हणून एका भावंडात आढळला तर इतरांचीही तपासणी करावी लागते. ज्या घरातील मुलेमुली परदेशी निघाली आहेत आणि ज्यांच्या कार्डावर 'ओ' लिहिले आहे, त्यांनी रक्तपेढीत 'एच' प्रतिजनाची चाचणी करून घ्यावी. ती साधी आहे, तिला थोडे रक्त पुरते, आणि मुले दिवाळीला घरी आली असताना ती सहज उरकता येईल.